बंपरवरचं ऊन

न रंगवलेला काळा बंपर असलेल्या जुन्या गाडीची नंबर प्लेट काढली की मागचं प्लास्टिक काळंभोर निघतं आणि पाटीच्या कडेपासून पुढचं सगळं करडं असतं. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना नव्या सुरक्षा पाट्या बसवताना हे पाहण्याची संधी महाराष्ट्रातल्या कित्येक गाडीमालकांना मिळाली. हा फरक कुठून आला? दोन्ही भागांचं वय एक, साचा एक, प्लास्टिक एक. धूळ आणि पाणी म्हणावं तर ते पाटीमागेच जास्त साचतं, तिथे फडका पोहोचत नाही. साबण, शाम्पू, पॉलिश हे सगळं बाहेरच्या भागाला मिळालं, पाटीमागे काहीच नाही. तरी काळेपणा टिकला तो पाटीमागे. पाटीने अडवलेली महत्त्वाची गोष्ट एकच, ती म्हणजे ऊन. गाडीभोवती एक फेरी मारली तर हाच पुरावा जागोजागी सापडतो. काचेखाली वायपर जिथे बसतात ते काउल आकाशाकडे तोंड करून असतं आणि सहसा सगळ्यात आधी तेच फिकट होतं. बंपरची वरची कड करडी आणि खालची काळी असते. रोज एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या गाडीची एक बाजू दुसरीपेक्षा जुनी दिसते.

या निरीक्षणावरून जे निघतं ते गाडी धुणारे, सजवणारे आणि त्यासाठीच्या बाटल्या विकणारे फार क्वचित स्पष्ट सांगतात. करडं झालेलं प्लास्टिक पुन्हा काळं दिसायला लावणं हे एक काम आहे आणि ते प्लास्टिक वाचवणं हे दुसरं. पहिलं काम सोपं आहे, दहा मिनिटांत होतं आणि डोळ्यांना लगेच पटतं. दुसरं अवघड आहे आणि ते झालं की नाही हे कळायला दोन-तीन उन्हाळे जावे लागतात. बाजारात मात्र ही दोन्ही कामं एकाच लेबलवर एकमेकांशेजारी छापलेली असतात, त्यामुळे चमक आली म्हणजे संरक्षण झालं अशी समजूत पक्की होते.

ही समजूत का चुकीची आहे हे कळायला आधी हे प्लास्टिक काय आहे ते पाहावं लागेल. बंपर, क्लॅडिंग, चाकावरची कमान किंवा काउल यांपैकी सुटा केलेला कोणताही भाग उलटा करून पाहिला तर आतल्या बाजूला साच्यातच उमटलेली काही अक्षरं दिसतात. त्यात बहुतेक वेळा पीपी ही दोन असतात, पुष्कळदा त्यांच्यापुढे ईपीडीएम, आणि मग टाल्कचं प्रमाण सांगणारा आकडा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्यात मिसळलेलं रबर आणि टाल्क म्हणजे कडकपणा यावा म्हणून घातलेली खनिज पूड. पॉलिप्रॉपिलीनची नीट रचना असलेली, उपयोगी जात १९५४ मध्ये मिलानमध्ये ज्युलिओ नाट्टा यांनी बनवली. त्यासाठीच्या उत्प्रेरकाची वाट जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी दाखवली होती. दोघांना १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, स्वस्त पडतं, दणका बसला तर वाकून परत येतं आणि बॅटरीतल्या आम्लालाही दाद देत नाही. लोखंडी बंपरची जागा त्याने घेतली यात आश्चर्य काही नाही. मारुती ८००, ओम्नी आणि पुढे अल्टो यांच्या साध्या मॉडेलचे काळे बंपर आपल्याकडच्या एका पिढीने पाहिले. आता एसयूव्हीच्या फॅशनमुळे महागड्या गाड्यांनाही दारांच्या खालपासून चाकांच्या कमानीपर्यंत असं न रंगवलेलं काळं क्लॅडिंग असतं.

या गुणी पदार्थाची एक कमजोरी मात्र त्याच्या रेणूतच आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळीत एकाआड एक कार्बनला एक फांदी फुटलेली असते, आणि त्या फांदीच्या जागचा हायड्रोजन इतरांपेक्षा सहज सुटतो. जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात ऊर्जेच्या हिशेबाने साधारण ५ टक्के भाग अतिनील असतो. त्यातल्या ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल भरते, तर कार्बन-कार्बन बंध तुटायला सुमारे ३५० पुरतात. अगदी शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हा प्रकाश शोषतच नाही, पण कारखान्यातून येणारा माल तितका शुद्ध कधीच नसतो. उत्प्रेरकाचे अंश, साच्यात वितळवताना झालेलं थोडंसं ऑक्सिडीकरण एवढं निमित्त पुरतं. एक हायड्रोजन सुटला की त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो, तो शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो, त्यातून तयार झालेलं पेरॉक्साइड पुन्हा उन्हाने फुटतं आणि आणखी दोन ठिकाणी तीच क्रिया सुरू होते. लांब साखळ्यांचे तुकडे होत जातात. उन्हात तापलेला काळा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास सहज जातो आणि ही सगळी साखळी-क्रिया उष्णतेने आणखी वेग घेते.

आता डोळ्यांना दिसणाऱ्या करडेपणाकडे येऊ. तुकडे झालेल्या साखळ्या आधीपेक्षा मोकळ्या होतात, जवळजवळ रचल्या जातात आणि पृष्ठभाग आकसतो. खालचा भाग तसाच राहिल्यामुळे वरच्या थराला बारीक चिरा पडतात, त्यातून टाल्कचे पांढरे कण उघडे पडतात. प्रकाश आत शिरून काळ्या रंगद्रव्यात विरण्याऐवजी या खडबडीत पृष्ठभागावरच चहूकडे विखुरतो, आणि विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढुरका दिसतो. म्हणजे काळं रंगद्रव्य कुठे उडून गेलेलं नसतं, ते चिरांखाली जागच्या जागी असतं. याची परीक्षा घ्यायला काहीच खर्च नाही. करड्या भागावर ओला फडका फिरवा. शहाबादी फरशी पाण्याने जशी गडद होते, तसं ते प्लास्टिक क्षणात काळं होतं आणि वाळलं की पुन्हा करडं. पाण्याने चिरा भरल्या, प्रकाश विखुरणं कमी झालं, इतकंच घडलं. ओलं असताना आलेला काळेपणा पाहून कोणी म्हणणार नाही की पाण्याने प्लास्टिक दुरुस्त केलं. आणखी एक घोटाळा इथेच दूर करू. बॉडीला वॅक्स किंवा रबिंग कंपाउंड लावताना ते शेजारच्या खरखरीत प्लास्टिकच्या खाचांत अडकून वाळतं आणि पांढरे ओघळ, ठिपके उरतात. त्याला ऊन कारण नसतं. असे डाग साध्या खोडरबरने किंवा कोमट साबणपाणी आणि नायलॉनच्या ब्रशने निघतात, आणि निघाले तर आणखी काही लावण्याची गरजच नसते.

तेल, डॅशबोर्ड पॉलिश आणि वॉशिंग सेंटरवर शेवटी फवारला जाणारा चकचकीत द्रव हे सगळे पाण्याचंच काम जास्त वेळ करतात. खोबरेल तेल चिरांत भरतं, पाण्यासारखं उडून जात नाही, म्हणून आठवडाभर काळेपणा टिकतो. पण ते कधी सुकत नाही. रस्त्याची धूळ त्यावर चिकटते, पहिल्या चांगल्या पावसात त्यातलं बरंचसं वाहून जातं, आणि थंडीत २४ अंशांच्या खाली तर ते गोठतं. जवसाचं तेल सुकून थर धरतं, त्यामुळे जरा जास्त टिकतं, पण तो थर कालांतराने पिवळट पडतो. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, ही धोक्याची गोष्ट आहे. बूट पॉलिशचं मेण आणि काळा रंग पँटला लागतो. काही गॅरेजमध्ये डिझेलचा किंवा घासलेटचा फडका फिरवतात, तो तर टाळलाच पाहिजे: बंपरमधलं ईपीडीएम रबर असली तेलं शोषून फुगतं, आणि फुगलेला भाग काळा दिसतो म्हणून लोकांना गुण आल्यासारखं वाटतं.

सिलिकॉन तेलाची बाब जास्त विचार करण्यासारखी आहे, कारण दुकानातल्या बहुतेक चकाकी देणाऱ्या बाटल्यांत तेच असतं आणि त्याच्या बाजूने एक खरं विधान करता येतं. सिलिकॉन उन्हाने खराब होत नाही. पण तो का खराब होत नाही? कारण तो अतिनील प्रकाश जवळजवळ शोषतच नाही, आरपार जाऊ देतो. जो पदार्थ ऊन आरपार सोडतो तो खालच्या प्लास्टिकला उन्हापासून वाचवणार कसा? त्याचा टिकाऊपणा आणि त्याची संरक्षणातली निरुपयोगिता या एकाच गुणधर्माच्या दोन बाजू आहेत. डेंटर-पेंटर मंडळी या बाटल्यांवर नाराज असतात त्याचं कारण आणखी वेगळं: सिलिकॉनचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर रंग मारला की रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

यावर बाटलीवाल्यांचं उत्तर असतं की आमच्या द्रवात अतिनील शोषणारं रसायन घातलेलं आहे. हे उत्तर खोटं नाही, तसं रसायन असतं आणि घालता येतं. पण शोषणारं रसायन किती प्रकाश अडवेल हे त्याच्या थराच्या जाडीवर ठरतं. समजा, ४० मायक्रॉन जाडीचा एक थर ९९ टक्के अतिनील अडवतो. अगदी त्याच मिश्रणाचा १ मायक्रॉनचा थर दिला तर तो फक्त सुमारे ११ टक्के अडवेल, उरलेले ८९ टक्के खाली पोहोचतील. ४० मायक्रॉन हा आकडा उगाच घेतलेला नाही, गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट साधारण तेवढाच असतो. फडक्याने पुसून लावलेला द्रव याच्या जवळपासही जाड राहत नाही. आणि या हिशेबाची प्रत्यक्ष परीक्षा प्रत्येक पार्किंगमध्ये उभी आहे. बॉडीच्या रंगात रंगवलेला बंपर आणि त्याच गाडीचं न रंगवलेलं काळं क्लॅडिंग बऱ्याचदा एकाच कुळातल्या पॉलिप्रॉपिलीनचे असतात. दोघांवर दहा वर्षं सारखंच ऊन पडतं. क्लॅडिंग करडं होतं, रंगाखालचा बंपर होत नाही. फरक आहे तो प्लास्टिक आणि ऊन यांच्यामध्ये असलेल्या पुरेशा जाड, अपारदर्शक आणि चिकटून बसलेल्या थराचा.

मग हे काळे भाग मुळातच का रंगवत नाहीत, किंवा त्यांच्या प्लास्टिकमध्येच संरक्षण का घालत नाहीत, असा प्रश्न येतो. संरक्षण घालतात. सत्तरच्या दशकापासून हिंडर्ड अमाइन नावाची स्थिरीकारकं प्लास्टिकमध्ये मिसळली जाऊ लागली. ती प्रकाश अडवत नाहीत, तर साखळी-क्रिया मधेच तोडतात आणि पुन्हा मूळ रूपात येतात, म्हणून थोड्या प्रमाणात पुष्कळ काळ काम करतात. गाडीचे बाहेरचे भाग झेनॉन दिव्याखाली आणि फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या ठिकाणच्या उघड्या मैदानांवर तपासले जातात. पण ही रसायनंही अमर नसतात. हळूहळू ती पृष्ठभागाकडे सरकून धुतली जातात, आणि आम्ल त्यांना निकामी करतं कारण ती मुळात अल्कधर्मी असतात. याचं उत्तम उदाहरण शेतीत आहे. पॉलिहाऊसच्या फिल्ममध्ये हीच स्थिरीकारकं असतात, आणि भुरीसाठी गंधक मारलं की फिल्मचं आयुष्य घटतं. म्हणून फिल्म बनवणारे गंधकाबद्दल बजावतात. गाडीच्या बाबतीत यातून घ्यायचं ते असं की मॅग व्हील साफ करायची आम्लयुक्त द्रावणं प्लास्टिकवर वाळू देऊ नयेत.

दुसरा मार्ग कार्बन ब्लॅकचा. ठिबकच्या नळ्या आणि शेतातले काळे पाइप वर्षानुवर्षं उन्हात पडून असतात ते त्याच्या जोरावर. पाण्याच्या एचडीपीई पाइपसाठीचं भारतीय मानक आयएस ४९८४ कार्बन ब्लॅकचं प्रमाण २.५ टक्के, अर्धा टक्का इकडेतिकडे, असं बांधून देतं. मग बंपर तितका का टिकत नाही? एक तर पाइप पॉलिथिलीनचा असतो, त्याच्या साखळीत ते कमकुवत हायड्रोजन फारच थोडे. दुसरं म्हणजे पाइपकडे कोणी निरखून बघत नाही. त्याचा वरचा थर निस्तेज झाला तरी पाणी वाहतं, म्हणून पाइप टिकला असं आपण म्हणतो. बंपरची कसोटी डोळे घेतात, ताकद नाही. आणि न रंगवण्याला सबळ कारणं आहेत: खडी उडाली, गाडी घासली तर रंग उडत नाही, ओरखडा खरखरीत पोतात लपतो, खर्च वाचतो. पण ही सोय मोठ्या पृष्ठभागावर महागात पडू शकते. अमेरिकेत २००२ च्या मॉडेलवर्षात आलेल्या शेवरोले ॲव्हलँचवर करड्या, न रंगवलेल्या प्लास्टिकचं भलंमोठं क्लॅडिंग होतं. ते फिकट पडण्याच्या तक्रारी गाजल्या, आणि पुढच्या मॉडेलवर्षात तीच गाडी क्लॅडिंगविनाही मिळू लागली.

हीट गनचा प्रयोग पाहणाऱ्याला हमखास थक्क करतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. गरम हवा फिरली की करडं प्लास्टिक डोळ्यांदेखत काळं होत जातं, काहीही न लावता. समर्थक म्हणतात की आतलं तेल वर आलं. खरी गोष्ट अशी की पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, पृष्ठभाग वितळला की चिरा मिटतात आणि प्रकाश विखुरणं थांबतं. पण तुटलेल्या साखळ्या त्यामुळे जुळत नाहीत, आणि संपलेलं स्थिरीकारक परत येत नाही. उलट वितळण्याइतकं तापवणं म्हणजे आणखी ऑक्सिडीकरण. शिवाय साच्याचा बारीक पोत सपाट होतो, कुठे चकचकीत, कुठे मंद असे पट्टे राहतात, आणि एक क्षण जास्त झाला तर भाग वाकतो किंवा शेजारच्या रंगाला फोड येतात. काही महिन्यांनी चिरा पुन्हा पडतात आणि त्या वेळी थर आधीपेक्षा कमकुवत असतो. विकायला काढलेल्या गाडीवर हा उपाय चालून जातो. ठेवायच्या गाडीवर तो करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरोखर उपयोगाचे उपाय थोडे आहेत आणि ते त्याच एका कसोटीवर निवडता येतात: मध्ये टिकणारा थर उभा राहतो का, आणि तो ऊन अडवतो का. काळं रंगद्रव्य आणि रेझिन असलेलं ट्रिम कोटिंग पारदर्शक द्रवापेक्षा सरस ठरतं, कारण त्यातलं रंगद्रव्य स्वतःच प्रकाश गिळतं. पातळ थरातही त्याचा काही तरी आडोसा होतो. सिरॅमिक कोटिंग कडक असतं, धुण्याने निघत नाही आणि महिने, क्वचित वर्षा-दोन वर्षांपर्यंत दिसणं राखतं, पण पारदर्शक आणि एखाद्या मायक्रॉनचं असल्यामुळे उन्हाविरुद्ध त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दोन्हींचं यश तयारीवर आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाला काहीही सहज चिकटत नाही, त्यात आधीचं सिलिकॉन राहिलं असेल तर कोटिंग ठिगळासारखं निघतं. म्हणून आधी क्लीनर आणि ब्रशने खाचांसकट घासून धुणं, पूर्ण वाळू देणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं आणि सावलीत पातळ हाताने कोटिंग लावणं हा क्रम सोडू नये. ओला फडका फिरवल्यावर बोटाला पांढरी भुकटी लागत असेल, तर ती निघेपर्यंत धुवावं. भुसभुशीत थरावर लावलेलं कोटिंग त्या थरासकट निघतं. आणि कायमचं उत्तर हवं असेल तर प्लास्टिकसाठीचा प्रायमर मारून रंग देणं. त्यात मूळ पोत थोडा हरवतो आणि खडीने टवके उडतात, पण ऊन अडवण्यात बाकी कुठलाही उपाय त्याची बरोबरी करत नाही.

एक आक्षेप उरतो: हा सगळा दिसण्याचा प्रश्न आहे, एवढी उठाठेव कशाला? यात तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. अतिनील प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्ही फार खोल जात नाहीत, बिघाड वरच्या पातळ थरापुरता राहतो, आणि बंपरची जाडी अडीच-तीन मिलिमीटर असते. करडा बंपर त्याच्या कामापुरता बहुधा शाबूत असतो, म्हणून ज्याला तो रंग खटकत नाही त्याने शांतपणे तसाच वापरावा. दर आठवड्याला तेल फासण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं आहे. काउलची गोष्ट मात्र वेगळी. ते पातळ असतं, दिवसभर तापतं, त्याच्या क्लिपा तुटू लागल्या आणि कडा तडकल्या की पावसाचं पाणी भलत्या ठिकाणी उतरतं. तसं काउल काळं करत बसू नये, बदलून टाकावं.

उरतो सगळ्यात स्वस्त उपाय, सावली. झाडाखाली, शेडखाली, गाडीच्या कव्हरखाली ऊन थेट पडत नाही. आकाशातून विखुरलेलं अतिनील तरीही येतं, पण मारा कमी होतो आणि तापमानही उतरतं. रोज उघड्यावरच उभी करावी लागत असेल तर अधूनमधून गाडीचं तोंड फिरवावं, म्हणजे एकाच बाजूवर सगळा भार पडणार नाही. नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात सीट कव्हर, मॅट आणि मडफ्लॅप यांची खरेदी होते. त्याच यादीत काळ्या प्लास्टिकचं कोटिंगही लिहा. प्लास्टिक अजून काळं आहे, स्थिरीकारक अजून शाबूत आहे, दुरुस्त करण्यासारखं काहीच दिसत नाही, म्हणून हे काम हमखास राहून जातं. काउल, आरशांचे पाय, रूफ रेलची टोकं आणि बंपरची वरची कड, एवढ्या चार जागा पहिल्या एप्रिलच्या आत करून घ्या.